शेवटच्या सुईनंतर

चेन्नईत चेटपटला, जुनी माणसं अजून ज्याला स्पर टँक रोड म्हणतात त्या रस्त्यावर, क्षयरोगाच्या जागतिक इतिहासात नाव असलेली एक संस्था आहे. आज ती राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. १९५६ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तेव्हाचं मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून ती उभी केली, तेव्हा तिचं नाव होतं ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर. तिच्यापुढचा पहिला प्रश्न अगदी सरळ होता: टीबीचा रोगी सॅनेटोरियममध्ये न ठेवता बरा होतो का? मद्रासमधले रोगी दोन गटांत वाटले गेले. एका गटाला सॅनेटोरियमची खाट, सकस जेवण आणि सक्तीची विश्रांती. दुसरा गट आपापल्या घरी, त्याच दाटीत, त्याच अर्धपोटी जेवणावर. औषधं मात्र दोघांना एकच, आयसोनियाझिड आणि पॅस, वर्षभर. १९५९ साली निकाल छापून आला आणि जगभरचे छातीचे डॉक्टर चकित झाले. बरं होण्यात म्हणावा असा फरकच नव्हता. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढलेला दिसला नाही. तांबरमपासून मिरजेपर्यंतच्या सॅनेटोरियमांचा उतार तिथून सुरू झाला.

घरी उपचार म्हटलं की पुढचा प्रश्न ओघानेच येतो: दिलेल्या गोळ्या पोटात जातात की डब्यात राहतात? मद्रासने त्यावर तोड काढली ती अशी. रोग्याने आठवड्यातून दोनदा केंद्रावर यायचं, समोर बसून आयसोनियाझिड गिळायचं आणि स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन घेऊन जायचं. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हा आठवड्याला दोन सुयांचा उपचार रोज घरी घ्यायच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरला. पुढे ‘डॉट्स’ नावाने जगभर गेलेल्या पद्धतीचं मूळ बरंचसं इथे आहे.

मद्रासच्या भाषेतले तीन शब्द इथे हवेत. तमिळमध्ये सुईला ‘ऊसि’ म्हणतात, इंजेक्शनलाही तेच. क्षयाला ‘कासनोय’, कास म्हणजे आपल्याही ओळखीचा खोकला, नोय म्हणजे रोग. तिसरा शब्द ‘तलैसुट्रु’. तलै म्हणजे डोकं आणि सुट्रु म्हणजे फिरणं. आपण ज्याला गरगरणं, भोवळ, घेरी अशी तीन-चार नावं देतो ते हेच. आणि हा लेख खरं तर या तिसऱ्या शब्दाविषयी, आणि त्याच्या मागून गुपचूप येणाऱ्या बहिरेपणाविषयी आहे. टोचलेलं औषध रक्तातून काही तासांत निघून जातं. कानाच्या आतल्या खोलीत मात्र ते रेंगाळतं, किती रेंगाळतं, कुठे बसून राहतं, हे कळायला चाळीसएक वर्षं लागली.

चक्कर येते हे मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अमेरिकेत रटगर्सला सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला १९४३ साली मातीतल्या एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळालं (श्रेय कुणाचं यावरून दोघांत पुढे कोर्टकचेरी झाली, ती गोष्ट वेगळी). मेयो क्लिनिकच्या हिनशॉ आणि फेल्डमन यांनी ते माणसांना दिलं आणि लगेच नोंदवलं की रोग्यांचा तोल जातो. ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९४८ साली छापून आलेली प्रसिद्ध चाचणी झाली, चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीचा आजही जिचा दाखला दिला जातो ती. तिच्यात ५५ जणांना रोज दोन ग्रॅम स्ट्रेप्टोमायसीन चार महिने दिलं होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त रोग्यांना गरगरलं, बहुतेकांना चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास. माणसं मरत होती ती जगू लागली होती. तेव्हा डोकं गरगरण्याची तक्रार कोण ऐकणार, आणि मला वाटतं त्या वेळी ते बरोबरही होतं. पुढे मात्रा एका ग्रॅमवर, मग पाऊण ग्रॅमवर आली. आपल्याकडे हे औषध पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बनू लागलं आणि रबरी बुचाची, आत पांढरी पूड असलेली ती काचेची कुपी गावोगावच्या दवाखान्यात पोचली.

या गरगरण्याचं सगळ्यात नेमकं वर्णन एका डॉक्टरनेच करून ठेवलं आहे. १९५२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ‘जे. सी.’ एवढ्याच आद्याक्षरांनी त्याने स्वतःची हकिगत लिहिली. स्ट्रेप्टोमायसीनने त्याच्या दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा गेली होती. पलंगावर पडून वाचायचं तर डोकं पलंगाच्या गजांमध्ये घट्ट अडकवून ठेवावं लागे, कारण नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोकं केसभर हलायचं आणि तेवढ्यानेही ओळी उड्या मारायच्या. तुमच्याआमच्या डोक्यातही नाडी उडतेच. पण कान ती हालचाल टिपतो, डोळ्यांना कळवतो आणि डोळे तेवढेच उलट्या दिशेने सरकतात, म्हणून जग स्थिर दिसतं. त्याच्याकडे हा निरोप्या उरला नव्हता. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता येत नसे, दुकानावरची पाटी वाचायची तर थांबायला लागे. कालांतराने तो डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर वावरायला शिकला. मात्र डोळे काय दाखवतात यावरच सगळं अवलंबून, म्हणजे अंधार हा त्याचा शत्रू. हे वाचलं की मला नेहमी वाटतं, पहाटे अंधारात परसाकडे किंवा शेतावर जाणाऱ्या आपल्या किती रोग्यांचं असंच झालं असेल आणि ‘टीबीने अशक्तपणा आलाय’ म्हणून ते सोडून दिलं गेलं असेल.

आता कानाच्या आत जाऊ. ऐकण्याचा शंख, म्हणजे कॉक्लिया, आणि तोलाच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका ही सगळी एकच पोकळी आहे. कवटीच्या सगळ्यात टणक हाडात कोरलेली. तिच्यात पाणी भरलेलं आहे, पण ते पाणी दोन प्रकारचं. बाहेरच्या कप्प्यात पेरिलिम्फ, जो मेंदूभोवतीच्या द्रवासारखा सोडियमचा. त्यात बुडालेल्या आतल्या पडद्याच्या नळीत एंडोलिम्फ, आणि हा मात्र अजब आहे. शरीरात पेशीबाहेरच्या द्रवांत सोडियम भरपूर आणि पोटॅशियम नाममात्र असतं. एंडोलिम्फमध्ये नेमकं उलटं. त्यातही कॉक्लियातल्या एंडोलिम्फवर सुमारे ८० मिलिव्होल्ट धन विद्युतभार असतो. शंखाच्या भिंतीतली रक्तवाहिन्यांची एक पट्टी तो दिवसरात्र चार्ज करत बसते. हंगेरीत जन्मलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मोजला. कानावरच्या कामासाठी त्यांना १९६१ साली नोबेल मिळालं. दोन्ही द्रव मिळून एका कानात भरतात जेमतेम चार-पाच थेंब. एंडोलिम्फ त्यातला अगदी थोडा.

या थेंबांतून औषध मोजायचं म्हणजे काय कसरत असेल याचा अंदाज करा. १९६० आणि ७० च्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी गिनीपिगांना स्ट्रेप्टोमायसीन, कॅनामायसीन, निओमायसीन टोचून कानातला पेरिलिम्फ काढला आणि निष्कर्ष मांडला की औषध तिथे साठतं, रक्तापेक्षाही जास्त प्रमाणात. कान म्हणजे जणू औषध ओढून घेणारा स्पंज. ही कल्पना सोयीची होती. रक्तात थोडं, कानात ढीगभर, म्हणून कान जातो. पाठ्यपुस्तकांनी ती उचलली आणि डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी पाठ केली. पण नमुना इतका इवला की शेजारच्या ऊतींतलं किंवा दुसऱ्या द्रवातलं औषध त्यात मिसळणं सहज शक्य होतं.

१९८० च्या दशकात पॅरिसमधले पॅट्रिस त्रान बा ह्युइ आणि त्यांचे सहकारी पुन्हा मुळापासून मोजायला बसले. पुढे मिशिगन विद्यापीठाचे योखेन शाख्त त्यांना मिळाले. उंदरांना त्याच गटातलं जेंटामायसीन देऊन त्यांनी रक्त, दोन्ही द्रव आणि कानातल्या ऊती असं सगळीकडचं प्रमाण वेळेप्रमाणे टिपलं. १९८३ आणि १९८६ च्या त्यांच्या निबंधांनी जुनं चित्र उलटवलं. कानातल्या द्रवातलं औषध रक्तातल्या पातळीच्या वर कधी जातच नाही. ते सावकाश चढतं आणि एका मर्यादेला जाऊन थांबतं. मात्रा वाढवली म्हणून त्या पटीत वाढत नाही. फरक आहे तो उतरण्यात. रक्तातून ते काही तासांत ओसरतं, कानातल्या द्रवात मागे रेंगाळतं, आणि ऊतींतलं अर्धं औषध निघून जायला तीस दिवसांहून जास्त लागतात. १९९३ साली फ्रान्समधल्याच बोर्दोच्या चमूने याहून पुढचं दाखवलं. गिनीपिगांना सहाच दिवस जेंटामायसीन दिलं, त्यांचं ऐकणं शाबूत राहिलं, आणि तरीही अकरा महिन्यांनी औषध त्यांच्या कानातल्या पेशींमध्ये सापडलं.

म्हणजे प्रश्न साठण्याचा नाहीच, न जाण्याचा आहे. मुंबईच्या जुन्या चाळीतल्या पागडीच्या भाडेकरूसारखं हे प्रकरण: आला तेव्हा एक ट्रंक घेऊन आला होता, त्रास कुणाला नव्हता, पण निघायचं नाव नाही.

हा भाडेकरू आत शिरतो कसा? इथे एंडोलिम्फच्या त्या अजब विजेचा हात आहे. ऐकणाऱ्या पेशींच्या डोक्यावर बारीक तुऱ्यासारखे केस असतात, म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. एका कानात आतल्या रांगेत साडेतीन हजारांच्या आसपास आणि बाहेरच्या तीन रांगांत सुमारे बारा हजार. आवाजाने तुरे झुकले की त्यांच्या टोकाची सूक्ष्म दारं उघडतात आणि पोटॅशियम आत धावतं, तोच मेंदूकडे जाणारा इशारा. ही दारं किंचित रुंद आहेत. अमिनोग्लायकोसाइड गटातल्या या औषधांचे रेणू धनभारित असतात. बाहेर धन ८० मिलिव्होल्ट, पेशीच्या आत ऋण, म्हणजे उताराला लागलेलं पाणी. रक्तातून भिंतीच्या त्या पट्टीतून एंडोलिम्फमध्ये, तिथून आवाजाच्याच दारातून केसपेशीत. २००५ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात कॉर्नेलिस क्रॉस आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींवर दाखवलं की डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसीन, स्ट्रेप्टोमायसीनचंच भावंड, या दारातून आत जातं, आणि आतून बाहेर पडणं त्याला फार जड जातं. ज्या यंत्रणेने ऐकू येतं तीच विषाला आत घेते. कानाइतकं दुर्दैवी इंद्रिय दुसरं नसावं.

हेच औषध मूत्रपिंडातही अडकतं, त्यालाही इजा करतं. पण मूत्रपिंडाच्या नळ्यांच्या पेशी झडून नव्या येतात आणि बहुतेकदा काही आठवड्यांत काम पूर्ववत होतं. सस्तन प्राण्याच्या कानातली केसपेशी एकदा गेली की गेली. पक्ष्यांमध्ये ती पुन्हा उगवते हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस कळलं, तेव्हापासून कोंबडीच्या पिलांवर आशा लावून बसलेले शास्त्रज्ञ कमी नाहीत.

पेशी मरतात त्याही एका टोकाकडून. शंखाच्या तळाशी, म्हणजे तीक्ष्ण आवाजांच्या जागी, आधी. नेहमीचं ऑडिओमीटर आठ हजार हर्ट्झपर्यंत मोजतं. नुकसान सुरू होतं त्याच्याही वर. तेव्हा रोग्याला काहीच जाणवत नाही, फार तर रात्रीचा रातकिडा कमी झाल्यासारखा वाटतो किंवा कानात शीळ वाजते. मग नुकसान खाली सरकत बोलण्याच्या पट्टीत येतं. आधी स, श, फ, च अशी व्यंजनं विरतात, स्वर ऐकू येत राहतात. माणूस म्हणतो, ऐकू येतं पण समजत नाही. घरचे म्हणतात, मुद्दाम करतो.

आणि हे सरकणं शेवटच्या इंजेक्शनला थांबतंच असं नाही. हा धडा पहिल्यांदा डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसीननेच दिला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते आलं, गरगरणं कमी करतं म्हणून त्याचं कौतुक झालं. तोल खरोखर वाचला. पण औषध थांबून आठवडे, कधी महिने उलटल्यावर माणसं बहिरी होऊ लागली. तेव्हा हे गूढ वाटलं. आज पॅरिस-बोर्दोच्या मोजमापांकडे पाहिलं की त्यात गूढ काही उरत नाही. घरी गेला तो रोगी. औषध कानातच होतं.

डॉक्टरच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही गैरसोयीच्या आहेत. एक, रक्तातली पातळी ठीक आहे म्हणून कान ठीक आहे असं म्हणता येत नाही. ती तपासणी मूत्रपिंडाची राखण बऱ्यापैकी करते, कानाची नाही. डेन्व्हरमध्ये मायकोबॅक्टेरियाच्या ८७ रोग्यांवर केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३७ टक्क्यांच्या ऐकण्यावर परिणाम झाला होता. रोज देणं की आठवड्यातून तीनदा देणं याने त्यात फरक पडला नाही; पडला तो वयाने आणि एकूण पोटात गेलेल्या, म्हणजे टोचल्या गेलेल्या, औषधाने. दुसरं, आधीचा हिशेब मिटलेला नसतो. सहा महिन्यांपूर्वी एक कोर्स झालेला माणूस दुसऱ्या कोर्सला कोऱ्या कानाने येत नाही.

आणि आपल्या टीबी कार्यक्रमाची रचनाच दुसऱ्या, तिसऱ्या कोर्सची होती. रोग उलटला की ‘कॅटेगरी टू’, त्यात स्ट्रेप्टोमायसीनच्या २४ सुया. तरीही जीवाणू बधला नाही आणि बहुऔषधप्रतिरोधक टीबी निघाला, की कॅनामायसीन, आठवड्यातले सहा दिवस, किमान सहा महिने. हिशेब केला तर दीडशेच्या वर इंजेक्शनं. कुल्ल्यावर सुई टोचायला जागा उरत नसे. रोगी बसायचं टाळत. उपचाराच्या कार्डावर थुंकीचे आणि वजनाचे रकाने ठळक होते. कानाचं काही असलंच तर शेऱ्यात. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. थुंकी निगेटिव्ह होणं हा जीवनमरणाचा प्रश्न होता आणि ती तपासायला गावात सूक्ष्मदर्शक होतं. आवाजबंद खोली आणि ऑडिओमीटर जिल्ह्याच्या गावीही असेलच असं नव्हतं.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची गोष्ट सार्वजनिक आहे. पत्रकार, भरतनाट्यम शिकलेली मुलगी. आतड्याचा टीबी उलटला आणि २०१३ साली उपचारातल्या इंजेक्शनांनी तिचं ऐकणं गेलं. नाचायचं तर ताल कानाने घ्यायचा. तिने तो शरीराने मोजायला शिकून पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा तिसिले यांचं ऐकणं कॅनामायसीनने गेलं होतं. या दोघींनी २०१९ साली भारताच्या पेटंट कार्यालयात एक हरकत नोंदवली. बेडाक्विलिन हे इंजेक्शनची गरज संपवणारं तोंडाने घ्यायचं औषध. त्याच्या एका क्षाररूपाचं पेटंट मिळवून जॉन्सन अँड जॉन्सनला मक्तेदारी २०२३ नंतर २०२७ पर्यंत लांबवायची होती. २३ मार्च २०२३ रोजी कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. बहिऱ्या झालेल्या दोघींचं म्हणणं कायद्याने ऐकलं.

बेडाक्विलिन भारतात २०१६ साली मोजक्या सहा केंद्रांत मिळू लागलं तेव्हा त्यांत शिवडीचं टीबी रुग्णालय होतं आणि चेन्नईजवळचं तांबरमचंही, तेच तांबरम जिथे डेव्हिड चौरी मुथू यांनी १९२८ साली सॅनेटोरियम काढलं होतं. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेने इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलिन धरलं आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसीन आणि कॅप्रिओमायसीन यापुढे नको असं सांगितलं. आणि चेटपट पुन्हा चित्रात आलं. तिथल्या संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या ‘बीट-टीबी’ अभ्यासात अवघड प्रतिकाराच्या १६५ रोग्यांना बेडाक्विलिन, डेलामॅनिड, लिनेझोलिड आणि क्लोफॅझिमिन अशा फक्त गोळ्या दिल्या. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा मूल्यमापन झालेल्यांपैकी ९१ टक्क्यांना गुण आला होता. एकही सुई नाही. लिनेझोलिडने पायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं, म्हणजे फुकट काहीच नाही. पण ज्या संस्थेने आठवड्याला दोन सुयांचं गणित जगाला शिकवलं तिनेच सुईविना उपचार सिद्ध करावा, यात काहीतरी समाधान आहे.

तेव्हा प्रश्न मिटला असं वाटेल. टीबीपुरता तो पुष्कळसा मिटतोय, याच गटातलं अमिकासिन मात्र काही रोग्यांसाठी अजून यादीत आहे. पण या औषधांचं घर फक्त टीबीत नव्हतंच.

आपल्या गडचिरोलीचं उदाहरण घ्या. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ ते ९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच आरोग्यदूत बायकांना जंतुसंसर्ग झालेलं बाळ ओळखायला शिकवलं आणि जेंटामायसीनचं इंजेक्शन द्यायलाही. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेले आकडे डॉक्टरांच्या अहंकाराला धक्का देणारे होते. नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू शेकडा १६.६ वरून २.८ वर. ज्या औषधाच्या विरोधात मी आतापर्यंत लिहीत आलो त्यानेच ही बाळं जगली. थोडे दिवस, वजनाप्रमाणे मोजलेली मात्रा, आणि समोर मृत्यू उभा. इथे कानाचा हिशेब मांडत बसणारा माणूस मूर्ख ठरेल. २०१४ साली केंद्र सरकारने परिचारिकांना असं इंजेक्शन देण्याची मुभा दिली ती योग्यच. धोका वाढतो तो रुग्णालयांतल्या अतिदक्षता कक्षांत, जिथे कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला अमिकासिन लांबतं, जोडीला लघवीसाठी फ्युरोसेमाइड येतं, जे भिंतीतली ती चार्ज करणारी पट्टी ढिली करतं, आणि भोवती यंत्रांची पिपाणी चालूच. त्या बाळाला घरी पाठवताना ऐकण्याची चाचणी पास झाली तरी सहा महिन्यांनी पुन्हा करावी, हे सांगायला डिस्चार्ज कार्डावर जागा हवी.

काही माणसांना मात्र एकच कोर्स पुरतो, कधी अगदी थोडी मात्रा. आपल्या पेशींतले मायटोकॉन्ड्रिया हे मुळात अब्जावधी वर्षांपूर्वी पोटात घेतलेले जीवाणू. त्यांच्यातलं प्रथिनं घडवणारं यंत्र जीवाणूंच्या यंत्राशी जुळतं, आणि अमिनोग्लायकोसाइड नेमकं त्याच यंत्रात काठी घालतं. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकात १५५५ व्या जागी एक अक्षर बदललं की ते यंत्र आणखीच जीवाणूसारखं दिसू लागतं. १९९३ साली हा बदल सापडला. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणून वारसा आजोळचा. मामा, मावशी, आजी. मामाला तो असतो, पण त्याच्या मुलांना जात नाही. जनुकतपासणी परवडत नसेल तिथे इंजेक्शन लिहिण्याआधी बाळाच्या आईला एक प्रश्न विचारता येतो आणि त्याला पैसा पडत नाही: तुमच्या माहेरी कुणी इंजेक्शनांनंतर बहिरं झालंय का? मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या रुग्णालयांत गालातल्या नमुन्यावर अर्ध्या तासाच्या आत उत्तर देणारं यंत्र नवजात कक्षात ठेवून पाहिलं. २०२२ च्या अहवालानुसार ७५१ बाळांत तिघांत हा बदल निघाला आणि त्यांना दुसरं प्रतिजैविक दिलं गेलं.

रेंगाळण्याचा फायदा उठवणारेही आहेत. मेनियरच्या आजारात एका कानाचा तोल असा बिघडतो की माणूस भिंत धरून ओकत बसतो. १९५० च्या दशकात हॅरोल्ड शुक्नेख्त यांनी कानाच्या पडद्याआड स्ट्रेप्टोमायसीन सोडून तो बिघडलेला भाग मुद्दाम मारायला सुरुवात केली. आज त्या जागी जेंटामायसीन वापरतात. एखाद्या थेंबाने महिनोनमहिने काम होतं ते याच चिवटपणामुळे. म्हणूनच पडदा फाटलेल्या कानात दुकानातून आणलेले जेंटामायसीन-निओमायसीनचे थेंब आठवडेच्या आठवडे घालणं शहाणपणाचं नाही. आणि आपल्याकडे वाहणारा कान म्हणजे डॉक्टरपेक्षा मेडिकलवाल्याचा रोगी.

कानाला ढाल देण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. शाख्त आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी जेंटामायसीन घेणाऱ्यांना सोबत ॲस्पिरिन देऊन पाहिलं. २००६ साली निकाल आला, ऐकणं कमी झालेल्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. इतकी साधी गोळी, तरी ती रूढ झाली नाही. आजारी, रक्त पातळ झालेल्या माणसाला ॲस्पिरिन द्यायला डॉक्टर बिचकतात आणि बाळाला तर देताच येत नाही. स्टॅनफर्डच्या चमूने दुसरी वाट धरली. २०१५ साली त्यांनी सिसोमायसीनचा रेणू असा बदलला की जीवाणू मरावा पण केसपेशीच्या दारातून तो सहज मावू नये. उंदरांत जमलं. माणसापर्यंत यायला वेळ आहे. तोवर ज्यांचं ऐकणं पूर्ण गेलं त्यांना कॉक्लियर इम्प्लांट उरतं, आणि ते त्यांच्यात सहसा चांगलं चालतं, कारण औषध केसपेशी मारतं, मागची नस बहुधा टिकते. मोहन कामेश्वरन यांच्यासारख्या सर्जनांमुळे चेन्नई या शस्त्रक्रियेचं देशातलं मोठं केंद्र बनलं. मुख्यमंत्री विमा योजनेतून तमिळनाडूत लहान मुलांना ते मोफत मिळतं. टीबीच्या सुयांनी बहिऱ्या झालेल्या प्रौढाला मात्र खर्च स्वतःच बघावा लागतो.

त्या प्रौढांची संख्या कुणी मोजलेली नाही. २४ सुयांवाले, दीडशे सुयांवाले, त्याआधीचे रोजच्या एक ग्रॅमवाले, यांतले पुष्कळ जण आज पन्नाशी-साठीत आहेत. वयाने कान जातो तोही तीक्ष्ण आवाजांकडूनच, शंखाच्या त्याच तळाकडून. सुईने जिथे पोखरलं होतं तिथेच वय येऊन बसतं. ओपीडीत ऑडिओग्रामची रेष उजवीकडे घसरलेली दिसते, डॉक्टर खाली ‘वयोमानानुसार’ असं लिहितो आणि पुढच्याला आत बोलावतो. तरुणपणी टीबीच्या सुया घेतल्या होत्या का, हे मोठ्याने, दोनदा विचारायला हवं असतं.